तुम्हाला पाहिलं आहे

पोट बिघडलंय असं ऑफिसात कळवायचं आणि बायकोला घेऊन पडद्याचं कापड आणायला जायचं, एवढाच आवक-जावक कारकुनाचा बेत होता. पडद्यांवरून घरात आठ महिने धुसफूस चालली होती. पण साहेबांनीही गेल्याच आठवड्यात बजावलं होतं, "आता एक जरी खोटी रजा सापडली, तर गाठ माझ्याशी आहे."

खरेदी झाली. परतताना अरुंद चौकात त्यांच्या गाडीसमोर एक पांढरी गाडी आली. कारकुनाने मोठ्या मनाने हात हलवून 'आधी तुम्ही' अशी खूण केली. गाडी थांबली. तिच्या काचेखाली निळा पट्टा उजळला आणि त्यावर अक्षरं उमटली : 'तुम्हाला पाहिलं आहे.'

कारकुनाने ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हर नव्हताच. स्टीअरिंग तेवढं आपलं आपण किंचित वळलं. कारकुनाचं पोट आता खरोखरच बिघडलं.

"अहो, कोणी पाहिलंय आपल्याला?" बायकोने विचारलं.

"साहेबांनी."

"त्यात कुठेत साहेब? त्यात कुणीच नाहीये."

"तेच तर. आता माणूसही लागत नाही त्यांना."

अक्षरं बदलली : 'आता तुम्ही जा.'

"कुठे जा म्हणतेय ती?"

"ऑफिसात," कारकून म्हणाला आणि त्याने गाडी वळवली.

दहाव्या मिनिटाला तो साहेबांपुढे उभा होता, काखेत कापडाची गुंडाळी, मागे बायको. त्याने सगळं कबूल केलं. आजचं पोट, मार्चमधली पाठ आणि दोन वेळा वारलेली मावशी.

"कुठली मावशी?" बायकोला धक्काच बसला. "सकाळी फोनवर बोलल्या की माझ्याशी."

साहेबांनी चष्मा काढला. "अहो, ती बिनड्रायव्हरची गाडी. समोरच्याने घाबरू नये म्हणून सगळ्यांना तेच दाखवते. मलाही सकाळी दाखवलं." मग चष्मा परत चढवून त्यांनी कारकुनाकडे पाहिलं. "म्हणजे आज तुम्ही आलाच नव्हतात?"

"नाही साहेब. शिपायाकडे निरोप दिला होता."

"माझ्यापर्यंत नाही आला. मी तर सकाळी तुमच्या टेबलापाशी उभा राहून, फाईल वाचत वाचत, दहा मिनिटं काम समजावून सांगितलं." साहेबांचा आवाज उतरला. "मध्येच काही विचारलं नाहीत, तेव्हा म्हटलं, चला, आज पहिल्यांदा यांना नीट समजलंय."