नियमांना हुद्दे देणारे नाना

नानांच्या फाटकावर एक पाटी आहे. पाटी म्हणजे जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेनने लिहिलेला मजकूर, वर प्लॅस्टिक. तो असा: "जर बेल वाजवली आणि दार उघडलं, तर आत या. न्हाई तर दोन मिनिटं थांबा. तरीबी उघडलं न्हाई, तर नाना झोपलेत असं समजा आणि जावा. जर तुमी गॅसवाले असाल, तर वरचं काहीच लागू न्हाई."

गॅसवाला दर वेळी ही पाटी पहिल्यापासून वाचतो. शेवटच्या ओळीपर्यंत येईतो त्याची दोन मिनिटं होऊन गेलेली असतात.

नाना म्हणजे कराडमधले माझे घरमालक. सैन्याच्या सिग्नल विभागातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. उंब्रजला त्यांचा ऊस आहे, पण तो धाकटे भाऊ बघतात, कारण नाना बघायला लागले की उसालाही नियम लागू होतात. मी कोरेगाव तालुक्यातली, इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मी सगळीकडे जरा बिचकूनच असते. खोली बघायला गेले तेव्हा नानांनी विचारलं,

"काय शिकतीस?"

"कम्प्युटर."

"जर-तर येतं?"

मला वाटलं टोमणा आहे. 

"म्हंजी, असं झालं तर असं कर, न्हाई तर तसं कर. ह्ये कम्प्युटरला सांगता येतं का तुला?"

"येतं."

"मग खोली तुजी."

आतून काकी म्हणाल्या, "आवं, पोरीचं नाव तरी इचारा."

पुढच्या रविवारी नानांनी मला खाली बोलावलं. टेबलावर पत्त्यांचा कॅट होता आणि सात जाड वह्या होत्या. आमच्या घरी पत्ते म्हणजे जुगार. वडिलांनी आयुष्यात कधी पत्त्याला हात लावला नाही, आणि मी लावला हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. नाना म्हणाले, "ह्यो जुगार न्हाई पोरी. ह्यो ब्रिज हाय. ह्यात नशिबाला हुद्दा न्हाई."

त्यांना हा खेळ सैन्यात मिळाला. मेसमध्ये खेळायला तीनच साहेब असले, की टेलिफोन एक्स्चेंजवर बसलेल्या नानांना बोलावणं यायचं. पहिली दोन वर्षं ते फक्त चौथी खुर्ची भरायला बसत. तिसऱ्या वर्षी साहेब त्यांच्याविरुद्ध खेळायला का-कू करायला लागले.

मला जेवढं समजलं तेवढं सांगते. चौघं खेळतात, समोरासमोरचे दोघं जोडीदार. प्रत्येकाला तेरा पानं. खेळ सुरू होण्याआधी बोली लागते. "चार इस्पिक" म्हटलं, की इस्पिक हुकूम धरून आम्ही दहा हात करू. "सहा इस्पिक" म्हटलं, की बारा. जितकं मोठं बोलाल आणि करून दाखवाल, तितके गुण जास्त. अडचण एवढीच, की जोडीदाराच्या हातात काय आहे ते तुम्हाला दिसत नाही आणि विचारताही येत नाही. जे सांगायचं ते बोलीतूनच. शिवाय तुमच्या बोलीचा अर्थ काय, हे समोरच्या जोडीने विचारलं तर त्यांना सांगावं लागतं. चोरून खुणा ठेवायच्या नाहीत.

नानांना अशी बोली लावणारा कम्प्युटर हवा होता. जोडीदार म्हणून.

मी भीत भीत सुचवलं, "नाना, आता यंत्राला हजारो डाव दाखवले की ते आपोआप शिकतं."

"आणि चुकलं तर? का चुकलास म्हून इचारलं तर काय सांगंल?"

"ते नाही सांगता येत त्याला."

"मग जोडीला बसतो त्यो आपला पुतण्या काय वाईट हाय? त्येलाबी न्हाई सांगता येत."

म्हणून नियम. आणि नियम लिहायला भाषा हवी, तीही नानांनी स्वतः तयार केलेली. जर, तर, न्हाई तर हे त्यातले मुख्य शब्द. एका रंगाची पाच किंवा जास्त पानं असतील तर "लय". चार असतील तर "बरी". तीन असतील तर "जेमतेम". "जर बदाम लय आणि इस्पिक जेमतेम, तर एक बदाम." मी हे सगळं प्रोजेक्टसाठी मार्गदर्शक सरांना दाखवलं. सर म्हणाले, "भाषा काटेकोर आहे. पण अहवालात 'लय' लिहू नका." घरी येऊन मी ते नानांना सांगितलं. नाना म्हणाले, "पाच म्हंजी लय, ह्यात सरास्नी काय कळंना?"

खरी अडचण पुढे आली. एकाच वेळी दोन नियम लागू पडले तर कोणाचं ऐकायचं? पुस्तकात यावर बरेच उपाय दिले आहेत. मी ते रात्रभर वाचून सकाळी समजावून सांगायला गेले, तर नानांचा उपाय तयार होता. त्यांनी नियमांना हुद्दे दिले होते. शिपाई, लान्स नायक, नायक, हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार. दोघांत भांडण झालं तर वरच्या हुद्द्याचं चालायचं. हुद्दा सारखाच असेल तर जो आधी भरती झाला त्याचं. मी पुस्तक मिटलं. त्यात याहून सोपं काही नव्हतं.

मग घरात बढत्या आणि शिक्षा सुरू झाल्या. सकाळी मी दात घासत गॅलरीत आले, की नाना खालून ओरडत, "बेचाळीसला हवालदार कर गं! काल लय चांगलं काम केलंय त्येनं." किंवा, "नियम एकोणीसचा हुद्दा काढून घे. जेमतेम किलवरवर आगाऊपणा करतंय." शेजारच्या बाईंना वाटायचं, नानांना अजून पलटणीची स्वप्नं पडतात. एकदा नाना असेच कोणाला तरी शिपाई करत बसले असताना काकी दारात येऊन म्हणाल्या, "आवं, दूध उतू गेलं तर त्येला कुठला हुद्दा?"

"मोठ्या माणसाला बोलवायचं काम न्हाई ते."

"मग शिपायानं उठावं आणि गॅस बंद करावा."

नाना उठले.

हे सगळं कशासाठी चाललंय, ते मला काकींनी सांगितलं. नानांचा जोडीदार म्हणजे सांगलीचे भूपाल अण्णा, हळदीचे व्यापारी. बावीस वर्षं दोघं एकत्र खेळले. अण्णा जैन, सूर्य मावळायच्या आत जेवणार. त्यामुळे नाना स्पर्धा भरवणाऱ्यांशी आधीच भांडून संध्याकाळची सुट्टी मागून घेत. दोन वर्षांपूर्वी सांगलीतच स्पर्धा होती. शेवटचा डाव राहिला होता, आणि पुण्याची जोडी थोडीच पुढे होती. स्पर्धेत बोली तोंडाने न सांगता छापील कार्ड टेबलावर ठेवून लावतात; नानांनी थेट "चार इस्पिक"चं कार्ड ठेवलं. अण्णांच्या हातात दोन एक्के होते. त्यांनी पास दिला, म्हणजे बोली पुढे वाढवली नाही. खेळल्यावर बारा हात झाले. "सहा" म्हटलं असतं तर करंडक यांचा होता.

"मग ह्येंनी काय करावं?" काकी म्हणाल्या. "समद्यांच्या पुढं म्हणालं, दोन एक्के घिऊन हळदीच्या पोत्यागत काय बसलास? भूपाल अण्णांनी पानं नीट रचली, पिशवी घेतली आणि गेलं. तवापासून फोन न्हाई, काय न्हाई. ह्यांचं दुसऱ्या कुणासंगं जमत न्हाई. म्हून आता मिशीन करत्यात."

तो डाव नानांच्या सातव्या वहीच्या पहिल्या पानावर होता. ते मला पहिल्या दिवसापासून सांगत होते, "सगळं तयार झालं की ह्यो डाव त्येला घालायचा. मग कळंल कुणाचं चुकलं."

एकशे चाळीस नियम झाले. जुन्या वह्यांतल्या दोनशे डावांवर आम्ही यंत्र तपासलं. बोली बरी लागत होती. एका रविवारी नाना दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसले. मी अण्णांची तेरा पानं भरली. समोरून "चार इस्पिक" आलं, असं यंत्राला सांगितलं.

पडद्यावर आलं: "पास. कारण: नियम एक. हुद्दा: सुभेदार."

नियम एक मी वाचून दाखवला. "जर जोडीदार पहिल्याच बोलीला थेट चार म्हणाला, तर त्याच्याकडं तो रंग लय हाय, बाकी काय न्हाई. पास दे. आगाऊपणा नको."

"त्यो नियम आमचा बावीस वर्सांचा हाय," नाना म्हणाले. "मीच भूपालकडनं पाठ करून घेतला हुता."

"मग तुमच्याकडे बाकी काही नव्हतं का?"

"व्हतं की! लय व्हतं. राजा, राणी, काय न्हवतं?"

"मग आधी एकपासून का नाही सुरुवात केली? सावकाश वर जाता आलं असतं."

 नानांनी नियम एकचा हुद्दा काढून त्याला नायक केला. यंत्राने "सहा इस्पिक" म्हटलं. नानांनी टेबलावर हात मारला. मग मी तोच बदल ठेवून जुने दोनशे डाव पुन्हा चालवले. यंत्र जिथे तिथे सहा म्हणत सुटलं आणि आपटत सुटलं.  आठ दिवस नानांनी हुद्दे वरखाली केले. तो एक डाव जमवायला गेलं, की दुसरे पंधरा बिघडत. शेवटी ते म्हणाले, "एक शब्द वाढीव. 'आपटून'. जर जोडीदारानं चारचं कार्ड आपटून ठेवलं, तर सहा म्हण."

"तुम्ही आपटलं होतं?"

"चांगलं दणकून! त्येला कळाय पायजे हुतं."

मला बोलायला धीर होत नव्हता, पण मी तिसरी वही काढली. त्यात नानांच्याच अक्षरात होतं: कार्ड कसं ठेवलं, आवाज कसा होता, यावरून जोडीदारानं काही समजून घेणं ही चोरी आहे.

नानांनी ते दोनदा वाचलं. मग वही मिटून वर फडताळावर ठेवली, आणि त्या दिवशी कुणाला बढती दिली नाही.

तीन दिवस ते खाली वाकून पाण्याच्या मोटारीत काहीतरी खाटखूट करत राहिले. मोटार चांगलीच चालत होती. चौथ्या दिवशी म्हणाले, "ते यंत्रानं पास दिल्यालं पान छापून आण. आणि उद्या तुला कॉलेज नसंल तर सांगलीला चल. मी काय सांगितलं तर त्येला पटायचं न्हाई. यंत्र तू केलंस."

 एसटीत इस्लामपूरच्या पुढे नाना मला म्हणाले, "जर त्यो दुकानात नसंल, तर परत फिरायचं." न्हाई तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

अण्णा दुकानात होते. पोत्यांमागे गादीवर, पांढरी टोपी, टोपीच्या काठावर हळदीची पिवळी रेघ. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"या सुभेदार. बसा."

नाना बसले नाहीत. त्यांनी कागद पुढे केला. अण्णांनी तो सावकाश वाचला. मग उलटा करून मागे काही आहे का ते बघितलं.

"यंत्र कुणी केलं?"

"ह्या पोरीनं."

"आणि नियम?"

"माजं."

"म्हंजी तुज्याच नियमानं माजा पास बरोबर." अण्णा कागदाची घडी घालत म्हणाले. "ह्येला दोन वर्सं लागली व्हय रं?"

"दीड. पयलं सा म्हैनं नुसता चिडून बसलो हुतो."

अण्णांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "बरं खेळतंय की यंत्र. मग हिकडं कशापायी आलास?"

नाना पोत्यांकडे बघत म्हणाले, "त्येच्यासंगं भांडता येत न्हाई गड्या. काय इचारलं की नियमाचा नंबर सांगतंय. मला एकदाबी म्हणालं न्हाई, की नाना, तुमी चुकलासा."

"चुकलास की."

"व्हय," नाना म्हणाले.

एवढंच झालं. अण्णांनी आत हाक मारली, "वैशाली, पानं काढ गं! चार वाजल्यात, दिवस हाय तवर खेळून घिऊ." मग माझ्याकडे वळले. "तू चौथी."

मला एकशे चाळीस नियम पाठ होते, पण तेरा पानं हातात धरायची कशी ते माहीत नव्हतं. माझी दोन पानं खाली पडली, तेव्हा माझ्या समोर बसलेल्या वैशालीवहिनी, म्हणजे अण्णांच्या सूनबाई, म्हणाल्या, "असू दे, आम्ही काही बघितलं नाही."

नाना पानं लावून बसले. त्यांचा हात चारच्या कार्डाकडे गेल्यासारखा मला वाटला, पण त्यांनी ठेवलं "एक इस्पिक", अगदी हलकेच. अण्णांनी "दोन" म्हटलं. नाना पास म्हणाले. आता खेळणार नाना. खेळाच्या नियमाप्रमाणे अण्णांनी आपली पानं सगळ्यांना दिसतील अशी टेबलावर मांडली. पानं अगदीच रडकी होती. एक राजा, बाकी सगळा पाला.

वैशालीवहिनी माझ्याकडे झुकून हळू आवाजात म्हणाल्या, "जोडीदाराची पानं कशीही असली, तरी खेळायच्या आधी त्याला आभार म्हणायची रीत आहे. आमचे मामंजी दर वेळी म्हणतात. नानांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही."

नाना त्या पानांकडे बघत होते. एक राजा होता, तो त्यांनी बोटाने उगाचच सरळ केला. 

"आभारी हाय, भूपाल."

"खेळ आता," अण्णा म्हणाले, आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसायला लागले.