सगळ्यांचाच पहिला नंबर

दहिवलीच्या मिलिंदने एप्रिलात जाहीरच करून टाकलं, "आता कोंबड्यांकडे माणसाने बघायचं काम नाय!" रसायनीच्या कारखान्यात यंत्रांना शहाणं करणारा माणूस तो. बायकोच्या तीन शेड म्हणजे त्याच्यापुढे किस झाड की पत्ती!

उज्वलाची ही पहिलीच खेप, सहाशे पिल्लं. पत्रा तापला की पंखा लागलाच पाहिजे, नाहीतर पिल्लं पटापट माना टाकतात. म्हणून मिलिंदने प्रत्येक शेडमध्ये साबणाच्या डबीएवढा कॉम्प्युटर बसवला. एका डबीला काम झेपेना, तर तिने ते दुसरीकडे ढकलायचं. घरच्या-शेजारच्यांनी सांगितलेले भोंगेही त्याच डब्यांवर. कुठलं काम आधी करायचं, त्याचे नंबर ठरलेले. पंखा एक नंबर.

इथेच घोळ झाला! नंबर आहेत म्हटल्यावर घरात मानपान सुरू झाला.

"आंब्यावर माकडं आली की भोंगा वाजव म्हनलो होतो ना रं?" वडील काळूराम म्हणाले. "त्याला कितवा नंबर?"

"चौथा, बाबा."

"आंब्याला चौथा? आन् कोंबडीला पयला?"

आई चंद्रभागाबाईंना कुरडयांवर कावळे दिसताच भोंगा वाजवणारा कॅमेरा हवा होता. "सुनेचा पंखा पुढं, सासूच्या कुरडया मागं! ऱ्हाऊ दे रं, मी बसते उन्हात!"

शेजारच्या जयवंताकाकींच्या पेंढ्यावर गुरं यायची. आपला नंबर ऐकून त्या अर्धा चहा ठेवून उठल्या. मिलिंद पडला भिडस्त. त्याने सगळ्यांनाच एक नंबर देऊन टाकला!

रविवारी भर दुपारी माकडं आली, कावळे आले, गुरंही आली. तिन्ही भोंगे असे बोंबलले की आवाज पार चौक गावापर्यंत गेला असेल!

"वाजला रं, वाजला!" बाबा खूश.

तेवढ्यात उज्वला किंचाळली, "अहो, पंखे बंद! पिल्लं धापा टाकतायत!"

मिलिंद धावला, पण मोबाईलमध्ये बघून जागीच खिळला. पहिली डबी माकडांत गुंतलेली, तिने पंख्याचं काम दुसरीकडे ढकललं. दुसरी कावळ्यांत, तिने तिसरीकडे. तिसरी गुरांत, तिने परत पहिलीकडे! सगळ्यांचा नंबर सारखा, मग हातातलं काम कोण सोडणार?

"असं होय!" तो हरखून म्हणाला. "उज्वला, बघ तरी, काय झकास अडकलंय!"

"झकास गेलं चुलीत!" म्हणत तिने पंख्यांच्या वायरी डब्यांतून उपटल्या आणि पंखे थेट बटणावर लावले. बाबांनी पत्र्यावर बादल्या ओतल्या, आई सुपाने वारा घालत बसली. अर्ध्या तासाने सहाशेच्या सहाशे पिल्लं चिवचिवायला लागली, तेव्हा उज्वला मटकन खाली बसून रडली.

मग डोळे पुसून म्हणाली, "पण पंखा बंद पडला तर तुमच्या फोनवर निरोप यायला नको?"

नेमका तेव्हाच मिलिंदचा फोन वाजला. 'पंखा बंद आहे. ताबडतोब या.'

"याला कितवा नंबर दिला होता?"

"शेवटचा," मिलिंद खाली बघत पुटपुटला. "घरचाच माणूस ना मी! पाहुण्यांच्या आधी पंगतीला कसा बसू?"