निपाणीकर येतो म्हणाले

लढत हरली की तिचा पराभव पाठोपाठ घरी राहायला येतो. आमच्या मंजिरीचे चार आहेत, आणि पहिला आला तेव्हा माझी खाट गेली ती गेलीच.

मंजिरी माझी भाची. ती पिंजऱ्यात लढते, त्याला मिक्स्ड मार्शल आर्ट्स म्हणतात. विट्यात पिठाची गिरणी चालवणाऱ्या माणसाच्या तोंडात हे नाव बसायला वेळ लागला. पहिली लढत ती निपाणीला हरली. समोरच्या पोरीने गळा आवळला, आमचीने हार मानली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पिशवी घेऊन पन्नाशीचे एक गृहस्थ उभे.

"कोण आपण?" आक्काने विचारलं. आक्का म्हणजे मंजिरीची आई, माझी थोरली बहीण; मी तिच्याकडेच राहतो.

"मी निपाणीचा पराभव."

"मग उन्हात कशाला उभे? आत या, पाय धुवा."

झालं! त्यांच्यामागून हुबळीकर आले. हुबळीची लढत गुणांवर गेली होती, म्हणून ते आमटीलाही गुण द्यायचे. दहापैकी नऊ मिळाले की आक्का खूश. इंदूरला लाथेने पाय गेला होता, म्हणून इंदूरकर लंगडत. नागपूरची लढत सुरू होताहोताच संपली, त्यामुळे नागपूरकर चहा यायच्या आत उठायचे. "अरे बस की बाबा!" मी ओरडायचो. कुणाला ओरडणार? ते गेलेले असायचे.

एक मात्र खरं. मंजिरी जेवताना मान वर करून बोलायला लागली की निपाणीकर घास थांबवून म्हणायचे, "हनुवटी खाली, बाळ." ती भांडी घासायला उभी राहिली की इंदूरकर डावा पाय मागे घ्यायला लावायचे. पोरगी नेमकी कुठे मोडली ते यांना बरोबर ठाऊक. शेवटी ते तिथे हजर होते.

मग पुण्याची अजिंक्यपदाची लढत ठरली. समोर नाशिकची ईशानी देवधर. ती कधी हरलीच नव्हती. तिच्या घरी पाहुण्यांची खोली रिकामी, असं ऐकून मला तिचा हेवा वाटला. गल्लीतले लोक मला विचारायचे, "पाचव्याला कुठं झोपवणार?"

जिंकली तर वेगळीच पंचाईत होती. अजिंक्यपदाचा पट्टा ज्या घरात राहतो, त्या घरात पराभवांना राहता येत नाही. हा नियम आहे. मी निपाणीकरांना तो जरा आनंदानेच सांगितला.

"माहीत आहे," ते म्हणाले. "तरी हनुवटी खालीच पाहिजे."

पुण्यात ईशानीने तिचा गळा धरायला हात घातला. हनुवटी खाली होती, हात शिरेना. तिने लाथ मारली, डावा पाय मागे होता. मग मंजिरीने तिला पाडलं, पाठीवर बसली आणि निपाणीची तीच पकड घातली. ईशानीने जमिनीवर हात आपटून हार मानली. मी खुर्चीवर उभा राहून इतका ओरडलो की घसा बसला.

तीनच दिवसांत संघटनेचे निरीक्षक भस्मे साहेब पेटीतून पट्टा घेऊन घरी आले.

"निवासी पराभव किती?"

"चार," आक्का म्हणाली.

"प्रत्येकाने तोंडाने निरोप घ्यावा. त्याशिवाय जाणं धरलं जात नाही."

आक्काने चौघांना शिदोरी बांधून दिली, हातावर दही ठेवलं. मंजिरी कोपऱ्यात उभी राहून लहान पोरीसारखी रडत होती. निपाणीकरांनी पिशवी उचलली. "जातो, आक्का."

आक्काचे डोळे भरलेले होते, पण जन्माची सवय. "असं बोलू नये! येतो म्हणावं."

"येतो," निपाणीकर म्हणाले. मागोमाग बाकीचेही म्हणाले. नागपूरकर तर गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परतसुद्धा आले.

भस्मे साहेबांनी पेटी बंद केली. "बाई, हे जाणं नाही. येतो म्हटलं की ते येणंच धरलं जातं. पट्टा परत न्यावा लागेल."

मंजिरीने पेटीकडे पाहिलं. त्या पट्ट्यापायी तिचं नाक दोनदा मोडलं होतं. मग तिने निपाणीकरांच्या हातातली पिशवी घेतली आणि आत नेऊन खाटेखाली ठेवली. माझ्या खाटेखाली.

"न्या," ती म्हणाली.

"न्या काय न्या!" मी भडकलो. "पट्टा माझ्या गिरणीत ठेवा. ते काय घर नाही."

साहेब विचारात पडले. "गिरणीत पराभव राहतात?"

"पीठ राहतं."

"तुमचा स्वतःचा एखादा?"

"मी कधी लढलोच नाही, साहेब."

त्यांनी पेटी माझ्या हातात दिली. आता पट्टा गिरणीत खुंटीवर असतो. दळण घेऊन येणाऱ्या बायका तो रोज पुसतात.

साहेब येऊन गेले त्याच संध्याकाळी नाशिकहून फोन आला. ईशानीचा. आक्काने उचलला.

"काकू, दारात एक गृहस्थ उभे आहेत," पोरगी रडवेली झाली होती. "पिशवी आहे हातात. म्हणतात, मी पुण्याचा. आमच्याकडे असं कधी कुणी आलं नाही. काय करू मी?"

"कधीपासून उभे आहेत?"

"दोन दिवस झाले."

"अगं बाई!" आक्का कळवळली. "आधी त्यांना आत घे. पाय धुवायला पाणी दे. आणि जेवताना काही सांगितलं, तर ऐक."