पातळाकडून घट्टाकडे

अंगठी सरांच्या करंगळीत गेली ती अगदी मुकाट्याने. ना आढे, ना वेढे. बाहेर यायची वेळ आली तेव्हा मात्र ती सांध्याशी अशी ठाण मांडून बसली, की हिच्यापेक्षा जुना भाडेकरू बरा.

अंगठी सरांची नव्हती. चिरंजीवांनी ती एका मुलीसाठी घडवून घेतली होती आणि आज संध्याकाळी तिला लग्नाचं विचारायचं ठरवलं होतं. हे गेली तीन वर्षं चाललं होतं. म्हणजे ठरवणं चाललं होतं, विचारणं राहत होतं. कधी याला सर्दी, कधी तिला सर्दी, दोघंही ठणठणीत असले की याला शब्द सापडेनात. या खेपेला त्याने अंगठीच घेतली, म्हणजे बोलायचं काम परस्पर तिने करावं. केस कापायला जाताना त्याने डबी टेबलावर ठेवली आणि बजावलं, "बाबा, हात लावू नका."

सरांनी हात लावलाच नाही. फक्त बोट घातलं. तेसुद्धा मुलाच्या भल्यासाठी. मुलगी त्यांची जुनी विद्यार्थिनी. तिची बोटं आपल्या करंगळीएवढी असतील असा त्यांचा अंदाज होता, आणि अंगठी त्या मानाने लहान वाटत होती. आता शास्त्राचा माणूस काही नुसत्या अंदाजावर थांबत नाही.

साबण लावून झाला, तेल लावून झालं. साबणाने हात स्वच्छ झाला, तेलाने बाही खराब झाली. ओढून ओढून बोट सोलवटलं आणि हट्टाने फुगलं.

"तरी म्हणत होते, आज टेबलाकडे फिरकू नका," बायको म्हणाली. "तो मेला तीन वर्षांनी धीर करून उठलाय. आज अंगठी नाही दिसली तर पुन्हा तीन वर्षं बसेल."

"घाबरू नकोस. आपल्याकडे परासरण आहे."

शाळेत सरांचं नावच मुळी ‘परासरण सर’ पडलं होतं. पेशीच्या पडद्यातून पाणी कसं ये-जा करतं, हा धडा ते आठवडाभर पुरवत. पाठ्यपुस्तकात त्याला दीड पान होतं. सोललेला बटाटा साखरेच्या पाण्यात टाकून तो सुरकुतलेला दाखवीत आणि मग गर्जत, "पाणी कुठून कुठे?" सगळा वर्ग ओरडे, "पातळाकडून घट्टाकडे!" पेशीत पातळ, पाकात घट्ट, पडदा साखरेला अडवतो, पाण्याला सोडतो, पाणी बाहेर, बटाटा बारीक.

"तर बोट बुडवायचं साखरेच्या घट्ट पाण्यात," सर म्हणाले. "पेशीतलं पाणी बाहेर. बोट बारीक. अंगठी मोकळी."

"अहो, पण बोट म्हणजे बटाटा आहे का?"

"तत्त्व एकच."

"मग मीठ घ्या. साखर कशाला नासता?"

"सोलवटलंय ना! मीठ झोंबेल."

तत्त्वाला झोंबण्याचं भय नसतं, बोटाला असतं. बायकोने साखरेचा डबा वाडग्यात रिकामा केला.

एवढ्यात सरांची थोरली बहीण आली. संध्याकाळची बातमी ऐकायला ती दुपारीच येऊन बसणार होती. तिने एके काळी कचेरीत प्रथमोपचाराचं शिबिर केलं होतं आणि तेव्हापासून ती एखाद्याला काही व्हायची वाट पाहत होती.

"अरे, आधी रक्त अडव! रक्त उतरतंय म्हणून फुगतंय," म्हणत तिने ओढणी काढली आणि भावाच्या मनगटाला गुंडाळली. सरांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते वाडग्यात डोकावून बायकोला सांगत होते, "हे पातळ झालंय. घट्ट कर."

बहिणीने ओढणी घट्ट केली.

"अजून घट्ट."

"अरे, सोसवेल का?"

"सोसायचा प्रश्नच नाही, शास्त्र आहे. चांगलं घट्ट कर!"

बहिणीने गुडघा खुर्चीला टेकवून ओढणी आवळली. बायको तोवर शेजारणीकडे साखर मागायला गेली होती. ती परतली तेव्हा सरांची करंगळी पिकलेल्या जांभळासारखी दिसत होती.

"वन्सं, हे काय केलंत!"

"मी काय केलं? तोच घट्ट घट्ट करत बसलाय!"

"मी पाकाला म्हणत होतो, ताई!"

"मग पाकाकडे बघून बोलावं माणसाने!"

ओढणी सुटली, पण सूज मागे घ्यायचा बोटाचा काही विचार दिसेना. मग शेजारणीची साखर पाकात पडली आणि सर खिडकीशी वाडग्यात बोट बुडवून बसले. बोट बारीक झालं नाही. होणारही नव्हतं. कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी मेलेल्या असतात आणि तो थर पाण्याला सहजी दाद देत नाही, हे सर स्वतःच शिकवत असत. पण ते पुढच्या धड्यात येत असे, आणि परासरणाच्या कौतुकात पुढच्या धड्याला दर वर्षी वेळच उरत नसे.

पाण्याला जे जमलं नाही ते मुंग्यांना जमलं. खिडकीच्या फटीतून त्या पातळाकडून घट्टाकडे शिस्तीत निघाल्या. पहिली चावली तेव्हा सर म्हणाले, "हं, फरक जाणवतोय." दुसरी चावली तेव्हा वाडगा उलटला.

तेवढ्यात दार वाजलं. सरांनी पाकाने माखलेला हात थेट पँटच्या खिशात घातला.

"बाबा, डबी रिकामी आहे!" केस कापून आलेला मुलगा ओरडला.

आई शांतपणे म्हणाली, "अंगठी बाबांकडे आहे. जपून ठेवलीय."

"खिशात?"

"खिशातच," सर म्हणाले. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"द्या बरं."

सरांनी हात ओढला. खिसा बरोबर आला, अंगठी आली नाही. पाक आता खरोखरीच घट्ट झाला होता.

"मी... मी स्वतः घेऊन येतो. वडिलांनी असावं अशा वेळी."

मुलाने बापाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि आईच्या अंगावर उडालेल्या पाकाकडे मुद्दाम पाहिलं नाही.

चहाच्या दुकानात मुलगी आधीच येऊन बसली होती. सरांना पाहताच ती सवयीने उठून उभी राहिली. सर एक हात खिशात ठेवून तिरके बसले. चहा आला, निवला. मुलाने घसा साफ केला. हवापाणी झालं, रस्त्यावरचे खड्डे झाले, पुन्हा हवापाणी झालं. शेवटी त्याने टेबलाखालून बापाला ढोसलं, "द्या ना!"

"निघत नाहीये," सर कुजबुजले.

"खिशातून?"

"बोटातून."

मुलाचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. आणि तीन वर्षं अडलेलं बोलणं एका दमात बाहेर पडलं, "बघ, मला तुझ्याशी लग्न करायचंय, त्यासाठी अंगठी आणली होती, ती बाबांच्या बोटात अडकलीय, ते खिशात अडकलंय, आणि आता तू नाही म्हणालीस तरी चालेल, पण मी विचारलंय!"

मुलगी इतकी हसली की चहा सांडला. "हो म्हणते," ती म्हणाली. "पण आधी हात बघू. सर, दाखवा."

ओल्या रुमालाने खिसा सुटला. तिने बोट निरखून पाहिलं, बर्फ मागवला, तो रुमालात बांधून बोटावर धरला आणि म्हणाली, "आता हात वर करा."

"वर?"

"पूर्ण वर. परीक्षेत तुम्ही विचारलं होतं, पाणी कुठून कुठे? मी लिहिलं होतं, उतारावरून खाली. तुम्ही शून्य दिलं होतंत."

सर हात वर करून बसले, उत्तर येत असूनही ज्याला मास्तर विचारत नाहीत अशा मुलासारखे. बर्फ वितळून बाहीत ओघळत होता. आपल्याला बोलावताहेत असं वाटून वेटर पुन्हा पुन्हा येत होता.

"काय आणू, साहेब?"

"काही नको."

"मग हात?"

"शिक्षा आहे."

"चहा देऊ? साखर किती?"

"साखर नको!" तिघंही ओरडले.

चौथ्यांदा वेटर आला तोवर सूज उतरली होती. मुलीने बोटाला जरा लोणी लावलं, अंगठी हलकेच पिळली, आणि ती आली तशीच मुकाट्याने निघाली.

"अर्धा गुण देतो," सर बाही पिळत म्हणाले.

मुलाने अंगठी पुसली आणि तिच्या बोटात घातली. ती सरळ आत गेली. मुलीने हात खाली करताच तितकीच सरळ बाहेर आली आणि टेबलावर गोल फिरत राहिली.

"सैल होतेय," ती हळूच म्हणाली.

सरांचे डोळे चमकले. ते खुर्ची पुढे ओढून सरसावले. "त्यात काय! बोट नुसत्या साध्या पाण्यात बुडवून ठेवायचं. बाहेर पातळ, आत घट्ट, म्हणजे पाणी कुठून कुठे—"

मुलीने दोन्ही हात खिशात घातले.