नळाचा मिस कॉल

दिगंबरकाकांनी पहिल्याच भेटीत तुमचा हात हातात घेतला, तर ती माया समजू नका. ते खिशातून मल्टिमीटर काढतात, एक सुई तुमच्या उजव्या अंगठ्याला लावतात, दुसरी डाव्याला, आणि आकडा बघून तोंड पाडतात. "तुमचा रेझिस्टन्स लय हाय. पाणी कमी प्यायलात तुमी." माझ्या मेहुण्याला त्यांनी असंच तपासलं होतं. तेव्हापासून तो आमच्याकडं यायचा असला की आधी तांब्याभर पाणी पितो आणि मगच गल्लीत पाऊल टाकतो.

काका पूर्णा जंक्शनवर सिग्नलच्या कामात होते. रिटायर झाल्यावर माणसं देवाला लागतात, काका चिपला लागले. काडेपेटीएवढा एक बोर्ड. त्याला काय करायचं ते शिकवायचं, एका अंगाला सेन्सर जोडायचा आणि दुसऱ्या अंगाला जे वाजवायचं-पेटवायचं असेल ते. कुंडीतली माती सुकली की रेल्वेसारखी शिट्टी मारणारी तुळस त्यांनी केली. मांजर ओट्यावर चढलं की पेटणारा दिवा केला. मांजर त्या उजेडात निवांत दूध प्यायला लागलं, एवढाच फरक पडला. कुठलंही यंत्र बिघडलं की काकांचं निदान ठरलेलं: "आधी अर्थिंग बगा. सगळं लफडं अर्थिंगचं असतंय." माझी कंबर धरली तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं होतं.

पण नळाचं मशीन मात्र नामी होतं, हे मान्य करायलाच हवं. आमच्या गल्लीत नळ कधी येईल हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. काकांनी अंगणातल्या तोटीखाली दोन उघड्या तारा बसवल्या. त्यांच्यावर पाणी पडलं की बोर्डाला कळतं आणि त्यातलं सिम एकेका घराला मिस कॉल देत सुटतं. दोन रिंगा झाल्या की कट, मग पुढचा नंबर. सगळ्यांनी तो नंबर 'नळ' नावानं ठेवलेला. गल्लीनं काकांना शाल-नारळ दिला. काकांनी नारळ फोडला आणि शाल मशीनवर टाकली, त्याला ऊन लागतं म्हणून.

या विद्वत्तेची झळ बसली शांताकाकूंना. सुटे भाग ठेवायला काकांना छोटे छोटे कप्पे लागायचे आणि तसे कप्पे घरात एकाच ठिकाणी होते, काकूंच्या मिसळणाच्या डब्यात. एक दिवस वरणाला फोडणी घालताना मोहरीबरोबर कपॅसिटर तेलात पडला आणि बार उडाला. भिंतीला हळद, छताला जिरं. काकूंनी गॅस बंद केला, बॅग भरली. "हे घर हाय का रिपेरिंगचं दुकान? पुण्याला जाते लेकाकडं. तुमी सोता बोलावल्याबिगर येणार न्हाई."

"मी कामून बोलावू?" काका आम्हाला म्हणाले. "तिची ती गेली, तिची ती येईल."

काकू काही आल्या नाहीत. काका चुरमुऱ्यांवर दिवस काढू लागले आणि त्यांचा शर्ट खांद्यावरून घसरायला लागला. मी म्हणालो, काका, एक फोन तर करा. म्हणाले, "लाइन बिझी असती." खोटं होतं ते. त्यांनी फोन लावलाच नव्हता. मला त्यांचा असा राग आला, की दोन दिवस मी त्यांच्या अंगणाकडं बघितलंसुद्धा नाही.

आणि मग मशीन खोटं बोलायला लागलं. रोज सकाळी 'नळ' वाजायचा, बायाबापड्या घागरी घेऊन धावायच्या, तर तोटीतून नुसती हवा. समोरच्या कदमवहिनी एकदा कणकेच्या हातानं धावल्या आणि परत येताना काकांच्या दारात उभ्या राहिल्या. "काका, मशीन खोटं बोलायलंय तुमचं! उद्या बी असंच झालं तर उपटून टाका ते!"

"सेन्सरला गंज धरलाय," काका पुटपुटले.

मी खरंच गंज आहे का बघायला कुंपणापाशी गेलो. वहिनी आत गेल्या होत्या आणि काका तोटीखाली उकिडवे बसून तांब्यातून तारांवर ओतलेलं पाणी कापसानं पुसत होते. मला बघून तांब्या पाठीमागं लपवला.

"त्याच्यात शांतीचा नंबर हाय," खाली मान घालून ते म्हणाले. "शेवटचा."

"मग एकट्या काकूंनाच फोन करा की! गल्लीला कशाला पळवताय?"

"येडे का तुमी? एकटीलाच गेला तर तिला कळंल, मी केला म्हणून. सगळ्यांना गेला म्हंजी मशीननं केला."

मला हसू आलं. माझा राग तिथंच संपला.

दुपारी काकूंचा माझ्या बायकोला फोन आला. "पूर्णेत रोज नळ येत न्हाई, एवढं मला कळत न्हाई व्हय? मी फोन हातातच घिऊन बसते. पयल्या रिंगला उचलते, जेवलात का म्हणून इचारते. हे एक शबूद बोलत न्हाईत अन् कट करतेत. उद्या बी न्हाई बोलले तर नंबरच बंद करून टाकते म्हणावं."

मी तसाच काकांकडं गेलो आणि सगळं सांगितलं. काकांचा चेहरा उतरला. "मशीनला कान न्हाईत हो," ते म्हणाले. "तोंड बी न्हाई. मी लावलेच न्हाईत."

मग त्यांनी मशीन उघडलं. जुन्या हेडफोनचा माइक काढला, रेडिओचा स्पीकर काढला. मी बोर्ड धरला, त्यांनी सोल्डरिंग सुरू केलं. उभा जन्म तारा जोडलेला माणूस, पण त्या दिवशी एकच तार तीनदा जोडली. बोट भाजलं तरी थांबले नाहीत. शेवटच्या नंबरावरचं दोन रिंगांचं बंधन काढून टाकलं.

सकाळी काकांनी सगळ्यांच्या देखत तांब्या ओतला. गल्लीत एकेक फोन वाजला. कदमवहिनी रिकामी घागर कमरेवर घेऊन भांडायच्या तयारीनंच आल्या आणि तोंड उघडणार तोच तोटीखालून आवाज आला.

"हॅलो? जेवलात का?"

काका गुडघ्यांवर बसले. तोंड माइकपाशी नेलं.

"न्हाई," ते म्हणाले. "काल बी न्हाई. शांते, ये तू. मी बोलावतोय."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. कदमवहिनी घागर तिथंच ठेवून घरात गेल्या आणि भाकरी-भाजीचं ताट घेऊन आल्या. काका तोटीपाशीच मांडी घालून जेवायला बसले. फोन चालूच होता.

"भाजी कशाची हाय?" काकू विचारत होत्या.