सासूबाईंचं गाणं आणि निळ्या डबीतली डिस्क

टीव्हीवरचा कार्यक्रम ठरल्या वेळी बघत बसायचे दिवस संपले, असं मी घरात सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं. जपानमधल्या इमाबारी गावात, आमच्या गल्लीत हाय डेफिनिशन रेकॉर्डर आणणारा पहिला माणूस मी, हिराओका. त्यामुळे सासूबाईंची गाण्याच्या कार्यक्रमासाठी निवड झाली, तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "कुणी टीव्हीसमोर बसू नका. मी आहे."

आणि खरंच कुणी बसलं नाही. हौशी गायकांचा तो कार्यक्रम रविवारी दुपारी थेट दाखवतात. सासूबाई गायला मैत्रिणींबरोबर मात्सुयामाला गेल्या. सासरे खुब्याचं हाड मोडून हॉस्पिटलात पडलेले, माझी बायको नात्सुए त्यांच्यापाशी, आणि नेमकं त्याच वेळी त्यांना एक्स-रेला नेलं. मेव्हणा योशिताका टॉवेलच्या कारखान्यात पाळीवर. मी रेकॉर्डरवर भरवसा टाकून मासे धरायला गेलो.

सासूबाई परत आल्या. टाळ्या पडल्या, एवढंच सांगून त्यांनी विषय बदलला. आम्हाला वाटलं, लाजतायत.

सासऱ्यांनी मात्र धोशा लावला. उभ्या जन्मात बायकोला चारचौघांत गाताना पाहिलं नाही, आता बघूनच मरेन म्हणाले. शेवटी डॉक्टरांनी एका दिवसाची सुट्टी दिली. योशिताकाकडे जेवण ठरलं. डिस्क आणायचं काम अर्थात माझ्याकडे.

आता इथून माझं डोकं फिरायला सुरुवात होते. कुणी चोरून प्रती काढू नयेत म्हणून या यंत्रांचा एक नियम आहे. हाय डेफिनिशन कार्यक्रमाची प्रत निघते एकच, आणि तो डिस्कवर उतरवला की यंत्राच्या पोटातून पुसला जातो. म्हणजे कार्यक्रम माझ्या सासूबाईंचा, वीज माझी, यंत्र माझं, आणि चोर ठरलो मीच! तरी मी दात-ओठ खात डिस्क बनवली. "कृपया थांबा" ही पाटी स्क्रीनवर इतका वेळ होती, की मी दाढी केली, अंघोळ केली, परत आलो, तरी यंत्र आपलं घरघरतंय. सर्दी झालेल्या म्हशीसारखं.

योशिताकाकडे गेलो तर सासरे खुर्चीत, पांघरूण गुडघ्यावर, चेहरा मुलगी बघायला निघालेल्या नवरदेवासारखा. सासूबाई स्वयंपाकघरात माशाचा भात लावत होत्या. मी डिस्क प्लेअरमध्ये सारली. प्लेअरने ती बाहेर काढली. पुन्हा सारली. पुन्हा बाहेर. लहान मूल कडू औषध थुंकतं तसं.

"दाजी, तुमची डिस्क निळ्या डबीतली का?" योशिताकाने विचारलं. "आमच्याकडे तांबड्या डबीतल्या चालतात."

त्या दोन जातींचं तेव्हा युद्ध चाललं होतं. दोन्ही डिस्क गोल, दोन्ही चकचकीत, दोन्हींना मधोमध भोक. पण एकीचं यंत्र दुसरीला ओळख देत नव्हतं. हे युद्ध ज्यांनी लावलं त्या साहेबांना एका खोलीत कोंडून, त्यांच्याच यंत्राचं माहितीपुस्तक मोठ्याने वाचायला लावलं पाहिजे, असं मी म्हणालो. योशिताका म्हणाला, शहाण्या माणसांनी तांबडीच घेतली. मी म्हणालो, शहाण्या माणसांनी मेव्हण्याला आधी विचारलं असतं. नात्सुएने आम्हा दोघांना गप्प केलं आणि मला रेकॉर्डर आणायला घरी पिटाळलं.

रेकॉर्डरला गाडीत पुढच्या सीटवर बसवून, पट्टा लावून आणला. योशिताकाच्या टीव्हीला माझी वायर बसेना. त्याची वायर लावली तर आवाज आला आणि चित्र नाही, दुसरी लावली तर चित्र आलं आणि सगळं हिरवं. तिसरी शेजाऱ्यांकडून आणली, ती एकदाची चालली. तोवर योशिताकाने माझी डिस्क कारखान्याच्या नव्याकोऱ्या टॉवेलने घासून पुसून ठेवली होती. त्याला वाटलं, धूळ असेल. मी काही बोललो असतो तर त्या घरात पुन्हा जेवायला मिळालं नसतं.

डिस्क आत गेली. घरघर झाली. स्क्रीनवर आलं: डिस्क वाचता येत नाही.

मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. भात निवला. सासऱ्यांनी एकट्यानेच खायला सुरुवात केली. फोनवर बराच वेळ पियानो वाजत राहिला आणि मग एक अत्यंत नम्र बाई आल्या. त्यांनी माझी क्षमा मागितली, गैरसोयीबद्दल पुन्हा मागितली, आणि यंत्र बंद करून चालू करायला सांगितलं. केलं. स्क्रीनवर आता काय दिसतंय, त्यांनी विचारलं.

"विचारतंय, ही डिस्क वापरासाठी तयार करायची का? हो की नाही?" मी ओरडलो. "अहो, दुपारपासून दुसरं काय करतोय मी? तयारच करायची आहे!" आणि मी "हो" दाबलं.

बाई हळूच म्हणाल्या, "आपण हो दाबलंत का? फारच दिलगीर आहोत."

आयुष्यात त्या यंत्राने एवढ्या झटपट काही केलं नव्हतं. डिस्क तयार झाली. स्वच्छ, कोरी, जन्मल्यासारखी.

मी त्या बाईंना काय काय बोललो ते सांगण्यासारखं नाही. प्रत्येक वाक्यानंतर त्या क्षमा मागत होत्या, त्यामुळे राग आणखी चढत होता. फोन आपटला आणि सासऱ्यांपुढे गुडघे टेकले. त्यांनी घास चावत नुसती मान हलवली. ते मला शिव्या घालते तर बरं वाटलं असतं.

सासूबाईंची माफी मागायला स्वयंपाकघरात गेलो. त्या भांडी विसळत होत्या. त्यांनी आधी नळ बंद केला, दार लोटलं.

"जावईबापू, नक्की गेलं ना? कुठेच उरलं नाही?"

कुठेच नाही, मी मान खाली घालून म्हणालो. त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला, की मला वाटलं आता रडणार.

"तो निवेदक मेला गोड बोलून विचारत होता हो," त्या कुजबुजल्या, "की एवढा रियाज कधी करता? माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, म्हातारा हॉस्पिटलात गेल्यापासून घर कसं शांत आहे, देव करो आणि अजून थोडे दिवस ठेवून घेवोत. सगळं सभागृह हसत होतं."

दुपारपासून मी ज्या ज्या माणसांवर आणि वस्तूंवर चिडलो होतो, त्या सगळ्यांची मी मनातल्या मनात माफी मागू लागलो. तेवढ्यात दार उघडून योशिताका आत आला, तोंडभर हसत. त्याने टीव्ही केंद्रात फोन केला होता. त्यांच्याकडे प्रत आहे, आणि बाबांची गोष्ट ऐकून ते ती खास डिस्कवर घालून पाठवणार आहेत. "निळ्या डबीतली," तो मला म्हणाला. "तुमच्या यंत्रासाठी मुद्दाम सांगितलं, दाजी."

तो गेल्यावर सासूबाईंनी हात पुसले आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नाला इतकी वर्षं होऊन कधी पाहिलं नव्हतं.

"डिस्क आली की हे यंत्र घेऊन या," त्या म्हणाल्या. "आणि मघाशी जे काय केलंत, ते तसंच्या तसं करा."