चिंचखेड्याचं टिंब

उत्तमराव आमच्या स्टेशनचं नाव नाकातून म्हणत. 'चिं'वर इतके रेंगाळत की नव्या माणसाला वाटे, यांना सर्दी झाली आहे. एका प्रवाशाने एकदा त्यांना सुंठेची गोळी काढून दिली. ती त्यांनी खाल्ली आणि पुन्हा सांगितलं, "चिंचखेडा. टिंब हाय त्याला."

हिंगोलीतल्या एका छापखान्यात त्यांनी जन्मभर अक्षरांचे खिळे जुळवले होते. मी इथल्या शाळेत बदलून आलो तेव्हा ते निवृत्त होते, एकटे होते. मीटरगेजची छोटी लाईन असतानाची स्टेशनची दगडी खोली आणि हाताने रंगवलेली पाटी त्यांच्या बोलण्यात सारखी येई. मोठी लाईन आली, खोली पडली, फलाट उंच झाला आणि नवी पिवळी पाटी लागली : चिचखेडा. दिवसाला दोन पॅसेंजर इथे एकेक मिनिट थांबतात, बाकीच्या गाड्या धूळ उडवून जातात. एक बाक, एक हातपंप, तिकिटाची खिडकी. टिंबावाचून कुणाचं काही अडलेलं नव्हतं.

खिडकीत कमिशनवर तिकिटं विकणारा सुभाष बाहेरगावचा. तो त्यांना छेडायचा.

"मामा, अख्खं गाव चिचखेडाच म्हंतंय. तुमालाच काहून टिंब पायजे?"

"बोलणं तोंडाचं. पाटी डोळ्याची."

"गाडी तर बराबर थांबून राहिली."

"गाडी थांबती रे. मानूस उतराया पायजे."

सुभाष हसे. मीही हसत असे.

रेल्वेला पाठवायचे अर्ज मी लिहून देई. शेवटच्या अर्जात 'हा मराठी भाषेचा अवमान आहे' असं मोठ्या हौसेने लिहिलं. त्यांनी ते वाक्य खोडायला लावलं.

"भाषेला काय हुतंय, सर? माझी शेवंता गेली."

शेवंता त्यांची बायको. जन्मापासून ऐकू-बोलू न येणारी, अक्षर न शिकलेली. वसमतच्या माहेराहून परतताना काय करायचं, ते त्यांनी तिला खुणेने समजावलं होतं : डोक्यावर टिकली असलेलं अक्षर पाटीवर दिसलं की उतरायचं. कितीतरी वर्षं ती तशी बिनचूक उतरली. मोठी लाईन सुरू झाल्यावर पहिल्यांदाच एकटी परतताना तिला दगडी खोली दिसली नाही, टिकलीही दिसली नाही. गाडी तिला घेऊन पुढे गेली. पुढे हिंगोलीच्या पाटीवर टिंब होतं; तिथे शोधलं, अकोल्यापर्यंत शोधलं. सापडली नाही.

"अख्खी बाराखडी माझ्या हाताखाली व्हती," उत्तमराव म्हणाले. "तिला म्या एक टिंब देल्लं. आळस केला, सर."

उत्तमराव गेल्या महिन्यात वारले. पाटी अजून तशीच आहे. दुपारची पॅसेंजर आली की मी डब्याडब्याशी बघत चालतो. एखादी म्हातारी दारात गोंधळलेली दिसली, तर हाक मारत नाही. तिच्या समोर जाऊन उभा राहतो.